शमीनचं फाटक

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये बटणं, चेन, लेबलं आणि लेस विकणारं एक दुकान होतं. मी तिथे बरीच वर्षं नोकरी केली. माझं काम चिनी बोलायचं. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांना लागणारा माल शेठ चीनमधल्या ग्वांगझोहून आणायचे. फोनवर भाव करायचे, नमुने तपासायचे, वर्षातून दोनदा त्यांच्याबरोबर तिथल्या बाजारात फिरायचं, हे सगळं माझ्याकडे होतं.

चिनी मी हौसेने शिकले नाही. बारावीनंतर अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअरला लागले, तेव्हा नवीन मशिनं बसवायला चीनहून काही माणसं आली होती. त्यांना बोल्ट हवाय की वॉशर, हे कुणालाच कळेना. मी कागदावर चित्रं काढून विचारायची, मग शब्द विचारायला लागले. ती माणसं परत गेली तरी शब्द डोक्यातून जाईनात, म्हणून रविवारी मुंबईला क्लास लावला. कुळगावात आमच्या आळीत लोक हसायचे. आमची भातशेती तोवर बिल्डरकडे गेली होती. आई म्हणायची, "शेत गेलं, आता पोरगी नूडल्सवर जगणार."

दुकानाच्या मागे शेठचं जुनं घर होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक बराकी, त्यातल्याच एका बराकीचा तो तुकडा. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या कुटुंबांना या बराकी मिळाल्या तेव्हा मध्ये भिंती नव्हत्या, गोणपाट टांगून एकेक घर वेगळं केलेलं होतं. पुढे विटांच्या भिंती आल्या, लाद्या आल्या, एसी आला. शेठ बायकामुलांना घेऊन नव्या इमारतीत राहायला गेले. मागच्या खोलीत फक्त त्यांची आत्या राहिली. तिला सगळे दादी म्हणायचे, सिंधीत मोठ्या बहिणीला म्हणतात तसं, म्हणून मीही म्हणायला लागले.

दादी शेठच्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं. शाळेत शिकवायची, रिटायर होऊनही जमाना झाला होता. मी नोकरीला लागले तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. पांढरा सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी, हातात बिनदुधाचा चहा. माझ्याशी ती मराठीच बोलायची. ते मराठी तिने बाजारात उचललेलं होतं, कॅम्पात भाजी आणि सुकी मासळी विकायला येणाऱ्या आमच्याकडच्या बायांकडून. त्यामुळे अधूनमधून तिच्या तोंडून माझ्या आजीचे शब्द बाहेर पडायचे आणि मला हसू यायचं.

पहिल्याच आठवड्यात मी फोनवर कुणाला तरी "शिए शिए" म्हणाले, म्हणजे आभारी आहे. दादी आतून म्हणाली, "तसं नाय म्हणायचं. मंगोय म्हणायचं."

मी वळून बघितलं. "दादी, तुम्हाला चिनी येतं?"

"तुझं चिनी वेगळं. ते वर उत्तरेचं. माझं कँटनचं." आणि तिने बोटांवर मोजून दाखवलं, "यत, यी, साम, सेय." मग थांबली. "पुढचं गेलं."

ग्वांगझोचं जुनं नाव कँटन. दादीचा जन्म तिथला. तिचे वडील सिंधमधल्या हैदराबादचे. तिकडचे व्यापारी त्या काळी जगभर दुकानं टाकायचे. अशाच एका पेढीने त्यांना कँटनला पाठवलं होतं, रेशीम आणि भरतकामाच्या शाली बघायला. पेढीचं दुकान शमीनवर होतं.

शमीन म्हणजे नदीतलं एक बेट. दादीकडून ते मी इतक्यांदा ऐकलं की पुढे प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा पायांना आधीच माहीत असल्यासारखं वाटलं. चीनशी लढाई जिंकल्यावर इंग्रजांनी आणि फ्रेंचांनी शहराला लागून असलेली ही वाळूची पट्टी मागून घेतली, भोवती दगडी बांध घातला, भराव टाकला आणि वर स्वतःसाठी गाव वसवलं. मोठा भाग इंग्रजांचा, छोटा फ्रेंचांचा. बँका, वकिलाती, चर्च, टेनिसची मैदानं, वडाच्या झाडांखाली फिरायला रस्ते. शहर आणि बेट यांच्यामध्ये एक अरुंद कालवा, त्यावर दोन पूल आणि पुलांना लोखंडी फाटकं. फाटकावर इंग्रजांच्या बाजूला शीख शिपाई. चिनी माणसाला आत यायचं तर आत काम हवं आणि तसा पास हवा. अंधार पडला की फाटक बंद.

"एवढं लहान बेट," दादी म्हणायची, "मी एका दमात या टोकावरून त्या टोकाला पळायची. पण शहरात माणूस मुंगीसारखा, आणि आमच्याकडे रस्त्यावर फक्त पानं."

दादीच्या जन्माच्या आधी तिथे एकदा गोळीबार झाला होता. कालव्याच्या पलीकडून चिनी लोकांचा मोर्चा चालला होता, परक्यांचं राज्य नको म्हणून. बेटावरून गोळ्या सुटल्या आणि माणसं मेली. त्यानंतर बेटावरचे सगळे चिनी नोकर काम सोडून निघून गेले होते. वडील ते सांगताना एवढंच म्हणायचे, की साहेबलोकांना महिनोन्‌महिने स्वतःची भांडी घासावी लागली. घरात यावर सगळे हसायचे. दादीही लहानपणी हसली होती.

शेठना या गोष्टींचा फार अभिमान. कुणी मोठं गिऱ्हाईक आलं की चहा सांगायचे आणि सुरुवात करायचे, "हमारा तो चायना में बंगला था, साहब. अंग्रेजों के बाजू में." बंगला नव्हता. दादीने मला सांगितलं होतं, दुकान पुढे आणि त्याच्यामागे दोन खोल्या, त्याही भाड्याच्या. पण शेठसमोर ती हे कधी बोलली नाही. आतल्या खोलीत चहा पीत बसायची.

करोनाच्या आधीच्या वर्षी आम्ही नेहमीसारखे माल बघायला जाणार होतो. ऐनवेळी शेठची तब्येत बिघडली आणि मला एकटीला जावं लागलं. निघायच्या आदल्या दिवशी दादीने मला मागे बोलावलं.

"पुट, या वेळी शमीनला जाशील?"

"जाईन ना. फोटो काढून आणते."

"फोटो नको. फोनवर दाखव. तू चाल, मी सांगते कुठे जायचं."

पुट म्हणजे बाळा. ती सगळ्यांनाच पुट म्हणायची. पण त्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, म्हणून मी हो म्हटलं.

ग्वांगझोत मार्केटमधलं काम मध्येच थांबवून दुपारी टॅक्सी करून गेले. बेट आता शहरातच मिसळून गेलंय. कालव्याच्या पलीकडून डोक्यावरून फ्लायओव्हर जातो, खालून मोठा रस्ता. त्या रस्त्याला त्या गोळीबाराच्या तारखेचंच नाव दिलंय, पाटीवर नुसते आकडे. पूल ओलांडला की मात्र एकदम गप्प होतं. वडाच्या पारंब्या, पिवळट भिंती, मोठमोठे व्हरांडे. प्रत्येक झाडाखाली एक नवरी फोटो काढून घेत होती. पांढरे घोळदार झगे उचलून धरायला मैत्रिणी. बँकांच्या इमारतींत कॉफीची दुकानं. कुणीतरी पितळी पुतळे उभे करून ठेवले होते, जुन्या काळातली मुलं, जुन्या काळातल्या मडमा. लोक त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सेल्फी काढत होते.

आपलं सिम रोमिंगवर ठेवलं की तिथे व्हॉट्सॲप चालतं. मी दुकानातल्या मुलीच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. तिने तो दादीसमोर धरला. शेठही बरे होऊन त्या दिवशी दुकानात आले होते. त्यांचा आवाज मागून येत होता, "दादी, देखो, बंगला दिखेगा अभी."

दादीने बंगला विचारलाच नाही. मी चर्च दाखवलं, ती "हां" म्हणाली. वडाची झाडं दाखवली, "हां." नवऱ्या दाखवल्या तेव्हा थोडी हसली. मी फ्रेंचांच्या बाजूला गेले, जिथे तिने दुकान सांगितलं होतं. तिथे आता कसलंसं ऑफिस होतं. तिने बघितलं न बघितल्यासारखं केलं.

"पुलावर जा," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"इंग्रजांच्या. मधोमध उभी राहा."

मी परत चालत गेले, पुलाच्या मध्यावर उभी राहिले आणि फोन शहराकडे फिरवला. रस्ता, बस, फ्लायओव्हरचे खांब, फळवाल्याची गाडी.

"फाटक कुठाय?"

"फाटक नाहीये दादी. काढून टाकलंय."

"बंद नाही करत?"

"नाही. कोणीही येतं-जातं. ही बघा ना." एक बाई बाळाची गाडी ढकलत माझ्या शेजारून बेटावर गेली, तिला मी दाखवलं.

दादी फोनवर वाकून त्या बाईकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, "होय मून."

"काय म्हणालात?"

"होय मून. तुझ्या चिनीत काय म्हणतात?"

मला एक क्षण लागला. ऐकायला जवळचंच होतं. "खाय मन," मी म्हटलं. "दार उघडा."

"हां. दार उघडा," दादी म्हणाली आणि तिने तोंडावर ओढणी घेतली. दुकानातल्या मुलीने घाबरून फोन बंद केला.

मी परत आल्यावर पहिल्या दिवशी नमुन्यांची बॅग टेबलावर ठेवली आणि तडक मागे गेले. दादी पलंगावर बसली होती. माझी वाटच बघत असावी, कारण तिने चहाचंही विचारलं नाही. पुढे जे सांगितलं ते तिने सलग सांगितलं. दारात शेठ येऊन उभे राहिले, तरी ती थांबली नाही.

तिच्या घरी एक मोलकरीण होती. तिकडे मुलं सांभाळणाऱ्या बाईला आमा म्हणतात. ही आमा दादीच्या जन्मापासून घरात. दादी तिच्याच पाठीवर मोठी झाली, तिच्याच तोंडून बोलायला शिकली. पुढे दादीचा धाकटा भाऊ झाला, म्हणजे शेठचे वडील, तेव्हा आईच्या अंगावर दूध नव्हतं. आमाची स्वतःची मुलगी तान्ही होती. तिने आपली मुलगी कालव्यापलीकडे सासूपाशी ठेवली आणि या बाळाला पाजलं. महिन्यातून एखाद्या वेळी ती मुलीला बघून यायची.

मग जपानी आले. आधी विमानं आली, शहरावर बॉम्ब पडायला लागले. बेटावर पडत नव्हते, कारण ते इंग्रजांचं आणि फ्रेंचांचं, आणि त्यांच्याशी जपानची लढाई अजून सुरू झाली नव्हती. शहरातल्या लोकांना हे कळलं. भोंगा वाजला की ते कालव्याच्या काठाला येऊन बसायचे, बेटाच्या जवळात जवळ. होड्या बेटाला चिकटून उभ्या राहायच्या. दादी व्हरांड्यातून बघायची.

"एवढी माणसं, पुट, गोधड्या घेऊन, कोंबड्या घेऊन. आमच्याकडे तोंड करून बसलेली. आणि आमच्याकडे साहेब लोक गच्चीवर खुर्च्या टाकून विमानं बघायचे."

शेवटी जपानी फौज शहराच्या दाराशी आली. आमाने दादीच्या वडिलांना विचारलं, मुलीला घेऊन येऊ का? वडील म्हणाले, जा, संध्याकाळच्या आत ये. ती गेली. ती परत येईपर्यंत दोन्ही फाटकं बंद झाली होती आणि पुलावर माणसांची रेटारेटी होती.

फाटकावरच्या शीख शिपायाने तिला ओळखलं. त्याने दुकानात निरोप धाडला. वडील निघाले आणि दादी त्यांचं बोट धरून गेली. सात वर्षांची होती. गजांच्या पलीकडे आमा उभी होती, पाठीला फडक्यात बांधलेली मुलगी.

"शिपाई वडिलांना बोलला, शेठजी, हुकूम असा आहे की बेटावर कामाला आहे त्याला आत घ्यायचं. एकट्याला. कुणाचे पोरंबाळं नाही. मग हळू बोलला, तुम्ही जिम्मा घेत असाल तर मी बघितलं नाही असं करतो."

दादीने वर बघितलं. दारात शेठ होते.

"मग?" मी विचारलं.

"वडिलांनी मागे बघितलं. मागे बेटावरचे दुसरे लोक उभे होते. घरमालक होता. तो आम्हाला आधीच बोललेला, तुम्ही इंडियन लोक किती माणसं भरता. वडील आमाला बोलले, तू ये. मुलीला सासूकडे ठेवून ये."

आमा म्हणाली, होय मून. दार उघडा. दोनदा म्हणाली. ओरडून नाही. शिपाई वडिलांकडे बघत राहिला आणि वडील जमिनीकडे. मग तिचं लक्ष दादीकडे गेलं. ती खाली वाकली आणि नेहमी विचारायची तसं विचारलं, जेवलीस का? बाळाने दूध घेतलं का?

"मी बोलली, नाही. तो रडतोय. मला वाटलं असं बोलल्यावर ती आत येईल." दादीने स्वतःच्या गुडघ्यावर हात फिरवला. "ती उभी राहिली. फडक्याची गाठ घट्ट केली. मागून लोकांचा लोंढा आला आणि मग मला दिसली नाही."

दुसऱ्या दिवशी शहर पेटलं. निघून जाणाऱ्यांनीच आगी लावल्या असं नंतर लोक म्हणायचे. कालव्याच्या पलीकडे ओळच्या ओळ जळाली. बेटावर राख पडत होती, व्हरांड्यातून ती झाडावी लागायची. बाळाला डब्याचं दूध आणि भाताची पेज देऊन जगवलं. पुढे जपान्यांची इंग्रजांशीही लढाई लागली, एका सकाळी ते पूल ओलांडून बेटावरही आले. मग दुकान नाही, काही नाही. लढाई संपल्यावर हाँगकाँगहून बोट मिळाली, हैदराबादला पोचले. तिथे जेमतेम बूड टेकलं तर फाळणी झाली आणि तिथूनही उठावं लागलं. बोटीने मुंबई, तिथून या बराकीत.

"वडील कधीच बोलले नाहीत यावर. आई गेली तेव्हा नाही, स्वतः जायला आले तेव्हाही नाही."

शेठ दारातून म्हणाले, "दादी, मेरे दादाजी ऐसे नहीं थे. इतने लोगों को यहाँ कैंप में उन्होंने जगह दी. सब जानते हैं."

"चांगला माणूस होता तो," दादी म्हणाली. "मी कधी बोलली वाईट होता?"

"तो फिर अब ये सब क्यों?"

"दार उघडं दिसलं ना मला."

शेठ पुढे दुकानात गेले. संध्याकाळी मी निघताना मला म्हणाले, "बुढ्ढी हो गई है. बाहर किसी को बोलना मत." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. घाबरलेला होता.

दादीने माझ्यापाशी एकच गोष्ट मागितली. पुढच्या वेळी गेलीस तर कुणाला विचार, अशा बायकांचं काय झालं. तिला माहीत होतं की नाव नाही, गाव नाही, काही नाही, कुणाला सापडायचं नाही. तरी विचार म्हणाली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर पुन्हा गेलो. आम्हाला लेस देणाऱ्या एका कारखानदाराची आजी नव्वदीच्या पुढची होती आणि लहानपणापासून शहराच्या त्याच भागात राहिलेली. शेठ हॉटेलवर असताना मी त्या कारखानदाराला विचारलं आणि तो मला घरी घेऊन गेला. आजीला फक्त कँटनची बोली यायची. ती नातवाला सांगायची, नातू माझ्या चिनीत मला.

खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली, दात नसलेली, नखांना लाल रंग लावलेली म्हातारी. मी सगळं सांगितलं. ती ऐकताना मध्येमध्ये मान हलवत होती. तिचे वडील कालव्याजवळच लाकडी पेट्या बनवायचे. बॉम्ब पडायचे तेव्हा तीही काठाला येऊन बसलेली होती.

"तुम्ही फाटकापाशी गेला होतात?" मी विचारलं.

नातवाने विचारलं, ती काहीतरी म्हणाली आणि त्याने जरा थांबून मला सांगितलं, "ती म्हणते, आम्ही फाटकापाशी गेलोच नाही. ते आपल्यासाठी नाही हे लहान मुलालाही माहीत होतं."

मग त्यांनी काय केलं? चालत खेड्याकडे गेले. रस्त्यात तिचा भाऊ गेला, तापाने. आमा म्हणून काम करणाऱ्या बायका कुणी मकावला गेल्या, कुणी हाँगकाँगला, कुणी कुठेच पोचल्या नाहीत. तिने मला उलट विचारलं, त्या बाईची मुलगी केवढी होती?

"पाठीला बांधलेली होती."

म्हातारीने दोन्ही हातांनी हवेत तेवढं मूल दाखवलं आणि हात मांडीवर ठेवले. "तेवढी मुलं त्या साली फार गेली," ती म्हणाली. त्यानंतर तिने मला जेवायला थांबवून घेतलं. भात होता, वाफवलेला मासा होता. तिने वाढलेलं टाकता येईना, म्हणून मी सगळं संपवलं.

परत आल्यावर मी दादीला जसंच्या तसं सांगितलं. मकाव, हाँगकाँग एवढंच सांगावं असं वाटलं होतं, पण तिने माझ्या तोंडाकडे असं बघितलं की मुलांचंही सांगितलं. ती "बरं" म्हणाली. त्यानंतर तिने शमीनचा विषय काढला नाही. कँटनचे शब्दही तिच्या तोंडून गेले. दुपारी मी मागे गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. झोपलेली नसायची.

एकदा मात्र बोलली. पितृपक्षाचे दिवस होते, करोनाचं पहिलं वर्ष. दुकान अर्ध्या दिवसापुरतं उघडायचं. दुकानामागच्या जुन्या घरात शेठच्या वडिलांचं श्राद्ध होतं. दादी म्हणाली, अजून एक पान वाढ.

"किसका?" शेठनी विचारलं.

"आमाचं."

"दादी, वो हमारी कौन लगती है? जात नहीं मालूम, धरम नहीं मालूम."

"तुझ्या बापाला तिने पाजलं."

शेठनी पान वाढलं नाही. दादीने पुन्हा सांगितलं नाही. त्या दिवशी ती जेवली मात्र नाही, आणि रात्री नाही, आणि दुसऱ्या दिवशीही चहावर राहिली. हिवाळ्यात ती गेली. करोनाने नाही, म्हातारपणानेच. पण दिवस करोनाचे असल्यामुळे स्मशानात मोजकीच माणसं. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. बराकीच्या दारात शेठ एकटे खुर्ची टाकून बसले होते. मी शेजारी उभी राहिले. त्यांनी मला बस म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही.

धंदाही त्यानंतर बसतच गेला. चीनला जाणं बंद, माल येणं बंद, जीन्सचे कारखाने अर्धे बंद. दुकानातला सर्वांत जुना कामगार, शेठच्या लग्नाआधीपासूनचा, पहिल्याच लॉकडाऊनमध्ये बायकोमुलांना घेऊन उत्तर प्रदेशाकडे चालत निघून गेला होता, तो परत आलाच नाही. पुढे चीनचा रस्ता उघडला तेव्हा भाव करायला माझी गरज उरली नव्हती. मोबाइलमध्ये बोललं की मोबाइलच चिनी बोलतो. शेठ स्वतः तसं म्हणू शकले नाहीत, त्यांच्या मुलाने मला समजावून सांगितलं. मी पुन्हा अंबरनाथला एका कंपनीत स्टोअरला लागले. आता तिथे चिनी कुणी येत नाही.

गेल्या वर्षी पितृपक्षात दुपारी शेठचा फोन आला. नोकरी सोडल्यापासून पहिलाच. तब्येत विचारली, आईचं विचारलं. मग म्हणाले, "सुन, वो आमा का नाम क्या था? दादी ने तुझे बताया होगा."

"नाही शेठ. त्यांनाही माहीत नव्हतं. सगळे आमाच म्हणायचे."

"पंडत नाम पूछ रहा है."

पलीकडे भांड्यांचे आवाज येत होते, कुणीतरी मुलांना ओरडत होतं.

"वो जो अपना आदमी चलके गया था ना," शेठ मध्येच म्हणाले, "उसने मेरे को पूछा था. सेठ, पीछे वाली खोली में रह जाएँ क्या, चार लोग हैं. मैंने बोला, दादी को कुछ हो गया तो? तू अकेला रुक सकता है तो रुक."

मला हे माहीत नव्हतं. दादीला माहीत होतं का, हे विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही.

"तो क्या करूँ? नाम नहीं बोलूँ?"

"त्या मुलीचंही एक पान वाढा शेठ," मी म्हटलं. "तिचंही नाव कुणाला माहीत नाही."

त्यांनी बायकोला हाक मारून अजून दोन पानं घ्यायला सांगितली, ते मला फोनवर ऐकू आलं. फोन ठेवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. पंडत घाई करत होता, त्याला पुढच्या घरी जायचं होतं. मी स्टोअरच्या दारात उभी होते. आतून कुणीतरी गॅस्केट मागत होतं. मी फोन बंद केला आणि गॅस्केट काढून द्यायला आत गेले.